‘इज्यो’ की ‘इनगायो’: एका ड्रॉइंगच्या खात्रीचं प्रकरण

चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या एका कोरियन सुट्या भागांच्या कंपनीत माझी एक जुनी विद्यार्थिनी दुभाषी म्हणून काम करते. एका दुपारी तिने कोरियातल्या मुख्य कार्यालयातल्या डिझाइन विभागाच्या प्रमुखांना एका ओळीचा मेसेज पाठवला: ‘इगे छ्वेजोंग दोम्यॉन-इज्यो?’ म्हणजे, ‘हेच फायनल ड्रॉइंग ना?’ सोबत फाइल जोडली होती. लगेच उत्तर आलं: ‘ने, मात्सम्निदा.’ हो, बरोबर आहे. त्या उत्तरावर रात्रपाळीत ब्रॅकेटचा अख्खा लॉट निघाला. सकाळी जोडणीच्या टेबलावर नवी पिन एकाही भोकात जाईना.

लाइनवर चाललेलं ड्रॉइंग होतं ‘सी’ रिव्हिजनचं, म्हणजे आधीच्या आवृत्तीचं, त्यात भोकाचा व्यास 8.5 मिलिमीटर. ‘डी’ रिव्हिजनमध्ये तो 9.0 झाला होता. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही, त्यामुळे लॉट भंगारात न जाता रीवर्कवर निभावलं. पण लाल टॅग लावून बाजूला ठेवलेल्या त्या पेट्यांमुळे व्हायची ती चर्चा झालीच. ‘आम्ही विचारलं होतं’ असं इकडचे म्हणत होते, ‘तुम्ही कुठे विचारलंत?’ असं तिकडचे म्हणत होते. मेसेज समोर असताना दोन्ही बाजू मनापासून खरं बोलत होत्या. म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं. व्याकरणाची एकही चूक नसलेलं, अत्यंत सभ्य कोरियन वाक्य इथे नको त्या जागी पडलं होतं. (संबंधितांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

आधीची हकिगत

रांजणगावातला एलजीचा कारखाना, माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्को, 2023 साली जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा ह्युंदाईने केलेला करार, असं कोरियन उद्योगांचं जाळं आपल्याकडे पसरलं आहे. या मोठ्या नावांच्या आगेमागे सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्या येतात, आणि दुभाष्यांची खरी गरज या लहान ठिकाणी असते. तिथे एकच मुलगी सकाळी क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या मीटिंगला असते, दुपारी स्टोअरमध्ये आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरमालकाशी डिपॉझिटवरून बोलत असते.

ही मुलगी अभ्यासात चांगली. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्या असतात, त्यातली चौथी पार केलेली. कामावर रुजू झाल्यावर सुरुवातीला तिच्याबद्दल एक तक्रार यायची, तिचे प्रश्न ‘कडक’ वाटतात अशी. तक्रार पूर्ण खोटी नव्हती. शॉपफ्लोअरवरचे प्रश्न असतातच तुटक: माल निघाला का, गेज आलं का, तारीख कोणती, कोणी सही केली. ती ते सरळ ‘-यो’ लावून विचारायची. ‘पोनेश्यॉस्सॉयो?’ पाठवलंत? ‘इगे दोम्यॉन-इएयो?’ हे ड्रॉइंग आहे? या रूपात उद्धटपणा काहीच नाही, रोजच्या व्यवहारातली ती नम्र बोली आहे, कोरियन माणसं तिला हेयोछे म्हणतात. पण वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला असे प्रश्न ओळीने टाकले की चौकशी चालल्यासारखं होतं. मराठीतही साहेबांना ‘पाठवलं? केव्हा? कोणाकडे?’ असं विचारून बघा.

एका कोरियन सहकाऱ्याने तिला समजावलं, जरा मऊ कर. तिने कान देऊन ऐकलं तर आजूबाजूचे कोरियन सतत ‘-ज्यो’ लावताना दिसले. वाक्य लहान, कानाला गोड, आणि मराठी माणसाला तर घरचंच वाटणारं, कारण हा ‘-ज्यो’ आपल्या ‘ना’ला फार जवळचा आहे. तेव्हापासून ती बहुतेक प्रश्न ‘-ज्यो’वर संपवू लागली. तक्रार थांबली, सगळे खूश झाले.

इथे मला पाठ्यपुस्तकांबद्दल बोलायचं आहे. नवशिक्यांच्या बऱ्याच पुस्तकांत ‘-जियो’ आणि त्याचं आखूड रूप ‘-ज्यो’ यांच्यापुढे ‘खात्री करण्यासाठी, नम्र’ इतकीच टीप असते. दोन पानांनी ‘-नायो’ आणि ‘-इनगायो’ येतात, त्यांच्यापुढे ‘मृदू प्रश्न, नम्र’. विद्यार्थी स्वाभाविकपणे समजतो की ही तिन्ही एकाच कपाटातली आहेत, हवं ते उचलावं. मऊपणा दोन्हीकडे आहे हे खरं, पण तो येतो अगदी उलट दिशांनी.

मऊपणा कुठून येतो

‘-ज्यो’ लावणारा माणूस म्हणतो: मला हे माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, आपण एकाच बाजूला उभे आहोत, फक्त मान हलवा. हा मऊपणा जवळिकीचा. ‘मात्च्यो?’ म्हणजे ‘बरोबर ना?’ आणि त्यात ‘बरोबर आहे’ हे उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरच्याला ते खोडून काढायचं तर मुद्दाम थांबून, विचार करून, थोडा वाईटपणा घेऊन ‘नाही’ म्हणावं लागतं.

‘-नायो’ आणि ‘-इनगायो’ यांच्या पोटात स्वतःशी केलेला विचार आहे. ‘यो’ काढून टाकला की उरतं ते ‘-ना’ आणि ‘-इनगा’, आणि कोरियन माणूस ती रूपं एकटा असताना वापरतो. खिडकीबाहेर बघून ‘पिगा ओना?’ म्हणतो, म्हणजे ‘पाऊस पडतोय की काय’. या स्वगतालाच आदराचा ‘यो’ जोडला की प्रश्न दुसऱ्यापुढे जातो, पण बोलणारा अजून विचारातच आहे असा सूर राहतो. ‘छ्वेजोंग दोम्यॉन-इनगायो?’ म्हणजे ‘हे फायनल ड्रॉइंग आहे का, मला कळत नाहीये, तुम्ही सांगा.’ हा मऊपणा मोकळ्या जागेचा. हो म्हणायलाही जागा, नाही म्हणायलाही तितकीच.

कोरियनमधल्या या ‘-ना’चा आपल्या ‘ना’शी काही संबंध नाही, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. दिसायला तेच, काम जवळजवळ उलटं.

जोडणीचे नियम थोडक्यात. क्रियापदाला ‘-नायो’, विशेषणाला ‘-नगायो’ किंवा ‘-अनगायो’, नामानंतर ‘-इनगायो’. भूतकाळ आला की विशेषणालाही ‘-नायो’च चालतं, आणि बोलताना वर्तमानातही पुष्कळ जण विशेषणाला ‘-नायो’ लावून मोकळे होतात. ‘-ज्यो’ मात्र सगळ्यांना सरसकट लागतो, आणि तो पोरांच्या तोंडी लवकर बसायचं तेही एक कारण आहे. उच्चारातली एक गंमत राहून जायला नको: ‘बरोबर आहे का?’ असं विचारणारं ‘मान्नायो?’ आणि ‘भेटतो’ या अर्थाचं ‘मान्नायो’ लिहायला वेगळी, पण कानाला तंतोतंत एक.

आता त्या दुपारी काय झालं ते बघू. कोरियाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. इथले तीन म्हणजे तिथले साडेसहा, विभागप्रमुख आवराआवर करून निघण्याच्या बेतात. त्यांना मिळतो ‘-इज्यो’वर संपणारा मेसेज. त्यातून त्यांना कळतं की पुण्याकडच्या लोकांनी ड्रॉइंग तपासलं आहे, त्यांना खात्री आहे, आता फक्त रीतीप्रमाणे एक हो हवं आहे. फाइलच्या नावात ‘छ्वेजोंग’, म्हणजे ‘फायनल’, होतंच, कारण ‘सी’ रिव्हिजन निघालं तेव्हा तेच शेवटचं होतं. फाइल उघडून रिव्हिजनचा चौकोन बघावा असं त्या मेसेजमध्ये काहीच नव्हतं. समोर बसून बोलणं असतं तर ‘-ज्यो’चा सूर वर गेला की खाली आला यावरून थोडा अंदाज आला असता. वर गेला तर विचारणा, खाली आला तर ‘हे तर उघडच आहे’. मेसेजमध्ये सूर नसतो, असतं फक्त प्रश्नचिन्ह.

शिवाय ‘ने’. त्याचा अर्थ ‘हो’ असं आपण शिकवतो, पण तो ‘ऐकलं’, ‘कळलं’, ‘बरं’ या सगळ्यांसाठी येतो. ‘-ज्यो’च्या प्रश्नाला आलेला ‘ने’ पुष्कळदा ‘तुम्ही म्हणताय तसं’ इतक्याच वजनाचा असतो.

मूळ मराठी वाक्य

मी तिला विचारलं, सुपरवायझर नेमकं काय म्हणाले होते? शब्द न शब्द आठवून सांग. तिने सांगितलं ते असं:

‘मॅडम, डी आलंय म्हणे. आपलं चालू आहे ते बरोबर आहे ना, जरा विचारा ना साहेबांना.’

या दोन वाक्यांत सगळं प्रकरण आहे. पहिल्या वाक्यातला ‘म्हणे’ सांगतो की कुठून तरी बातमी आली आहे आणि सुपरवायझर दादांचा त्या बातमीवर पूर्ण विश्वासही नाही, अविश्वासही नाही. दुसऱ्या वाक्यात दोन ‘ना’ आहेत. ‘विचारा ना’ मधला विनवणीचा आहे. ‘बरोबर आहे ना’ मधला काळजीचा आहे. आपण डॉक्टरांना ‘काही गंभीर नाही ना?’ असं विचारतो तेव्हा आपल्याला खात्री मुळीच नसते. ती हवी असते. मराठी ‘ना’ खात्री असलेल्याच्या तोंडीही येतो आणि धास्तावलेल्याच्याही, आणि फरक आपण आवाजावरून, चेहऱ्यावरून ओळखतो. कामाच्या कोरियन मेसेजमध्ये ‘-ज्यो’ पहिल्या प्रकारचाच वाचला जातो.

मुलीने ‘म्हणे’चं वाक्य गाळलं, कारण ऐकीव गोष्ट साहेबांना सांगणं तिला बरं वाटलं नाही. काळजीचा ‘ना’ तिने ‘-ज्यो’ केला. अशा रीतीने एका अनुभवी माणसाची शंका कोरियनमध्ये पोचली ती आत्मविश्वास होऊन.

त्या ‘म्हणे’लाही कोरियनमध्ये जागा आहे. ‘-दाम्यॉन्सॉयो?’ हा शेवट ऐकीव गोष्टीची खात्री करायला असतो: ‘बदललंय म्हणे?’ पण हुद्द्याने वरच्या माणसाला तो लावला तर ‘आम्हाला सांगितलं नाहीत’ असा आरोप त्यात सहज ऐकू येतो, म्हणून तिने तो वापरला नाही हे योग्यच. बातमी गाळायची नव्हती, एवढंच. ती वेगळ्या वाक्यात, ‘रिव्हिजन झाल्याचं ऐकलं’ अशी साधेपणाने सांगता आली असती.

दुसऱ्या दिवशीचा मेसेज

पिन जात नाही म्हटल्यावर तिने जे लिहिलं ते मी आता वर्गात फळ्यावर लिहिते, इतकं ते नेमकं आहे. पहिलं वाक्य: नवी पिन भोकात जात नाहीये, ‘…आन तरॉगानन्देयो’. आणि पुढे: ‘होक्शी तोम्यॉनी पाक्क्विऑन्नायो?’ ड्रॉइंग बदललं आहे का?

‘-नन्देयो’ हा शेवट वाक्य अर्धवट सोडतो. ‘पिन जात नाहीये…’ आणि पुढे काही नाही. दोष कोणाचा, करायचं काय, हे बोलणारा सांगत नाही, पण वस्तुस्थिती मधोमध ठेवून देतो आणि समोरच्याला पुढे यावंच लागतं. आपणही ‘साहेब, ते गेज मिळत नाहीये…’ म्हणून थांबतो आणि साहेब उठून बघतात. ‘होक्शी’ हा शब्द प्रश्नाआधी येऊन आणखी धार कमी करतो: तसं नसेलही, पण असलंच तर. आणि मग ‘-नायो’, दोन्ही उत्तरांना दार उघडं ठेवणारा.

उत्तर थोड्याच वेळात आलं. आधी ‘च्वेसोंगहाम्निदा’, म्हणजे ‘माफ करा’, मग ‘डी’ रिव्हिजनची फाइल. तेच साहेब, तीच मुलगी, प्रश्नही जवळजवळ तोच. यावेळी त्यांनी फाइल उघडून पाहिली.

लिहिताना ती म्हणे घाबरलेली होती, आणि म्हणून ‘-ज्यो’ तिच्या हाताला आलाच नाही. खात्री नसलेल्या माणसाला जे रूप आतून सुचतं तेच इथे बरोबर होतं.

‘विचारलं होतं की!’

खरी कसोटी त्यानंतरच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये होती. सुपरवायझर दादा तापलेले. ते म्हणाले, ‘मॅडम, सांगा त्यांना, आम्ही विचारलं होतं की!’

या ‘की’ला कोरियनमध्ये जवळजवळ हुबेहूब जोडी आहे: ‘-जानायो’. तुम्हाला माहीत आहे, तरी मलाच सांगायला लावताय, असा त्याचा सूर. मैत्रिणींमध्ये तो गोड असतो, ‘सांगितलं होतं की गं’. व्याकरणाने बघितलं तर शेवटी ‘यो’ आहे, म्हणजे नम्रच. पण चूक झालेल्या वरिष्ठाला, चार लोकांदेखत ‘-जानायो’ लावणं म्हणजे बोट दाखवणं. ज्या वर्गांत शेवटचा ‘यो’ आला की आदर आला असं शिकवलं जातं, त्या वर्गांतली पोरं नेमकी इथे ठेचकाळतात.

तिने दादांचं म्हणणं गाळलं नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे. दुभाष्याने भांडण मिटवायच्या नादात माणसाची तक्रारच गिळून टाकली तर तो त्या माणसावर अन्याय असतो. तिने सांगितलं, ‘त्या दिवशी आम्ही मेसेज करून विचारलं होतं, पण प्रश्न नीट पोचला नसावा…’ आणि शेवट पुन्हा ‘-नन्देयो’चा. दादांची बाजू नोंदली गेली, समोरच्याला मान खाली घालावी लागली नाही. तिकडून उत्तर आलं की मलाही तपासायला हवं होतं.

काही सहकाऱ्यांचं मत पडलं की एवढं शब्दांचं कशाला, मेसेजमध्ये ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन लिहिलं असतं तर ‘-ज्यो’ असता तरी चाललं असतं. निम्मं मला पटतं. रिव्हिजन लिहायलाच हवं. पण ‘सी रिव्हिजनच शेवटचं ना?’ असं लिहिलं असतं तरी घाईतल्या माणसाने ‘ने’ म्हटलं असतं अशी शक्यता मला बरीच वाटते, कारण ‘-ज्यो’ त्याला हेच सांगतो की बघायची गरज नाही.

उलट ‘-ज्यो’ हवाच अशा जागाही पुष्कळ आहेत, आणि या प्रकरणानंतर ती ‘-ज्यो’लाच बिचकू लागली तेव्हा मला त्या मुद्दाम दाखवाव्या लागल्या. मीटिंगच्या शेवटी ठरलेलं वाचून दाखवताना ‘शुक्रवारी माल निघणार, ना?’ हे ‘-ज्यो’नेच विचारावं; तिथे ‘-नायो’ लावलं तर इतका वेळ आपण झोपलो होतो असं वाटेल. पाहुण्याला आत नेताना ‘काशिज्यो’, खुर्ची पुढे करताना ‘आन्जशिज्यो’: आपलं ‘चला ना’, ‘बसा ना’ अगदी त्याच जागी बसतं. विसरलेली गोष्ट आठवताना प्रश्नार्थक शब्दासोबतही तो येतो, जसं आपण ‘कुठे ठेवलं बरं?’ म्हणतो. फक्त ‘पोनेश्यॉत्च्यो?’ म्हणजे ‘पाठवलंत ना?’ हे वरिष्ठाला लिहिताना हात आवरावा. ‘पाठवायला हवं होतं’ असा त्यात एक धागा असतो. ‘पोनेश्यॉन्नायो?’ने तो निघून जातो.

ऐकण्याच्या बाजूने एक गोष्ट तिने स्वतःच शोधून काढली. ‘उद्या ड्रॉइंग येईल का?’ याला कोरियाहून ‘नाओगेत्च्यो’ असं उत्तर आलं, तर ते ‘येईल’ नाही. ते ‘येईल की’ आहे, ‘यायला हवं’ आहे. त्यातला ‘-गेत’ अंदाजाचा आणि ‘-ज्यो’ आपल्यालाही तसंच वाटावं अशी अपेक्षा करणारा. पूर्वी ती लाइनवर ‘उद्या येतंय’ म्हणून सांगायची आणि दादा माणसं लावून ठेवायचे. आता ती म्हणते, ‘दादा, येईल असं त्यांना वाटतंय, पक्कं सांगितलेलं नाही,’ आणि दादा ठरवतात की मशीन त्याच सेटिंगवर ठेवायचं की दुसरा जॉब चढवायचा.

मेसेज पाठवण्याआधी ती सुपरवायझरला हल्ली एकच प्रश्न विचारते: ‘दादा, तुम्हाला माहीत आहे आणि पक्कं करायचंय, की माहीतच नाहीये?’ पहिल्या वेळी त्यांना तो विचित्र वाटला होता. आता ते आपणहूनच सांगतात, ‘मॅडम, माहीत नाहीये, कोरं विचारा.’ मग तो प्रश्न ‘-इनगायो’ने जातो, आणि ड्रॉइंगबाबत तर ‘हो’वर भागणारच नाही असा: ‘सध्याचं रिव्हिजन कोणतं आहे?’ उत्तरात अक्षर लिहून यावं लागतं, आणि ते लिहायला फाइल उघडावी लागते.